पाच वर्षे जुनी वॅगन आर: किंमत, कागदपत्रे आणि दीड वर्षाचा वापर

एमएच १५ पासिंगची, पहिल्या मालकाची, ४२,००० किलोमीटर चाललेली २०१९ ची पेट्रोल वॅगन आर मी २०२४ मध्ये नाशिकच्या एका विक्रेत्याकडून ३,८०,००० रुपयांना घेतली. लहान जुनी गाडी घेऊ पाहणारे ओळखीचे लोक तेव्हापासून किंमत योग्य होती का, किलोमीटर खरे होते का, असे नेमके विचारतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

विक्रेत्याने सुरुवातीला ४,२५,००० सांगितले होते. टायरच्या बाजूला चार अंकी आकडा असतो; त्यातले पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. चारही टायरांवर ०६१९ होते, म्हणजे ते गाडीबरोबरच आलेले होते आणि लगेच बदलावे लागणार होते. बॉनेट उघडल्यावर उजव्या फेंडरच्या (पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या) बोल्टांचा रंग पान्याने खरवडलेला दिसला. फेंडर कधीतरी उतरवला होता हे उघड होते; मात्र आतला पत्रा आणि खांब मूळ वेल्डिंगचेच आहेत, हे मेकॅनिकने टॉर्च लावून दाखवल्यावरच मी बोलणी पुढे नेली. ४५,००० रुपये कमी झाले ते या दोन गोष्टींमुळे. किलोमीटरची खात्री अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदींवरून झाली. मीटरच्या आकड्यावर एकट्यावर कोणीही विसंबू नये.

खरा मनस्ताप कागदपत्रांनी दिला. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचा बोजा, म्हणजे गाडीवरच्या कर्जाची नोंद, होता आणि तो आठवडाभरात उतरेल असे सांगून विक्रेत्याने दोन महिने लावले. पूर्ण रक्कम मी आधीच दिली, ही माझी चूक झाली. बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात येईपर्यंत काही रक्कम राखून ठेवायला हवी होती. त्यानंतर मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० देऊन पेठ रोडच्या आरटीओमधून नाव बदलले. विम्याबाबत गैरसमज फार आहे: आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट) त्याचाच राहतो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे फरकाची रक्कम भरून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते.

गाडीवर मी समाधानी आहे. शहरात लिटरला १६ ते १७, महामार्गावर २० च्या पुढे ॲव्हरेज मिळते. आसने उंच असल्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माझ्या आईला आधाराशिवाय चढता-उतरता येते, आणि माझ्या दृष्टीने हा या गाडीचा सर्वांत मोठा गुण आहे. चार माणसे आणि एसी असताना कसारा घाटात मात्र दुसऱ्या गिअरवर यावे लागते. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते आणि ही गाडी त्यापूर्वीची आहे; इथेनॉलचा जुन्या रबरावर परिणाम होऊ शकतो, म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगला इंधनाच्या रबरी नळ्या आवर्जून तपासून घेतो.

सुरक्षिततेबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. गाड्यांची टक्कर-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०१९ च्या चाचणीत या मॉडेलला पाचपैकी दोनच तारे मिळाले होते. त्या काळच्या अनेक लहान गाड्यांत चालकाशेजारच्या आसनासाठी एअरबॅग नसते; ती आहे का, हे किमतीच्या आधी विचारावे.

२०१२ ची गाडी दीड लाखात मिळते, ती घ्यावी का, असेही बरेच जण विचारतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. अशा गाडीची मुदत २०२७ मध्ये संपेल आणि फिटनेस, पर्यावरण कर व पुनर्नोंदणीचा खर्च नव्या मालकावरच येईल. माझ्या गाडीला त्यासाठी २०३४ पर्यंत अवकाश आहे, आणि जास्तीचे पैसे मी त्यासाठीच मोजले.