तीस दिवसांची हमी आणि राणी नसलेल्या पेट्या

डंखहीन मधमाश्यांच्या पेट्या विकणाऱ्या एका गृहस्थाच्या जाहिरातीत सध्या एक छायाचित्र फिरत आहे. जांभ्या दगडाची पडवी, ओळीने मांडलेल्या चार लहान पेट्या आणि मागे तुळशीवृंदावन. ती पडवी कुडाळजवळच्या माझ्या घराची आहे आणि ते छायाचित्र पेट्या आल्यानंतर आठव्या दिवशी मीच कौतुकाने त्याला पाठवले होते. त्या चारही पेट्या पुढच्या तीन महिन्यांत ओस पडल्या. माझ्या पडवीकडे पाहून दुसऱ्या कोणी पैसे भरू नयेत, म्हणून हे लिहीत आहे.

निवृत्तीनंतर घरी काहीतरी करावे असे मनात होते आणि या माश्या मला सोयीच्या वाटल्या. जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांबीच्या या माश्यांची नांगी इतकी खुरटलेली असते की त्या डंख मारूच शकत नाहीत (चिडल्या की केसांत शिरून चावतात, ते वेगळे). विक्रेत्याने दूरध्वनीवर सांगितले, "काका, एका पेटीतून वर्षाला तीन किलो मध धरून चाला, आणि तो सगळा अडीच हजार रुपये किलोने मीच परत घेईन." पेटी 5,000 रुपयांना, म्हणजे चार पेट्यांचे 20,000 रुपये, आणि वर्षाला येणार 30,000. आयुष्यभर हिशेब तपासण्याची नोकरी केलेल्या माणसाला हा हिशेब तपासावासा वाटला नाही, याची लाज मला अजून वाटते. या माश्या मध पोळ्यात नव्हे, तर मेण आणि झाडांची राळ मिसळून केलेल्या बोराएवढ्या कुप्यांत साठवतात, आणि चांगल्या भरलेल्या पेटीतून वर्षाला काहीशे ग्रॅम, फार तर किलोच्या आसपास मध निघतो. नमुना म्हणून आलेल्या बाटलीतला मध चमच्यावरून संथ ओघळत होता. खरे तर या माश्यांचा मध पातळ आणि आंबटसर असतो, हे मला पुढे कळले.

पेट्या नोव्हेंबरमध्ये आल्या. प्रत्येक पेटीच्या तोंडाशी तपकिरी नळी होती, माश्यांची ये-जा चालू होती, आणि सोबत तीस दिवसांची लेखी हमी होती. झाकण उघडू नका, वसाहत बिघडते, अशी ताकीदही होती आणि ती मी निष्ठेने पाळली.

डिसेंबरच्या अखेरीस ये-जा विरळ झाली. जानेवारीत सावंतवाडीकडचे एक जुने स्नेही, जे स्वतः या माश्या पाळतात, घरी आले. त्यांनी प्रथम नळीला बोट लावले. जिवंत वसाहतीच्या नळीचे टोक चिकट लागते, कारण माश्या तिथे सतत ताजी राळ लावतात. माझ्या दोन पेट्यांच्या नळ्या मेणबत्तीच्या मेणात काहीतरी रंग मिसळून बाहेरून चिकटवलेल्या निघाल्या आणि नखाने खरवडताच त्यांचा भुगा झाला. मग त्यांनी झाकण काढले. आत अंडी-पिल्लांच्या कोशांचा मूठभर घोस होता आणि त्यातला प्रत्येक कोश फिकट पिवळा होता. "अहो, यात गडद तपकिरी कोश एकही नाही. राणी अंडी घालत असती, तर नवे कोश गडद दिसले असते. पिल्लू वाढत जाते तसे माश्या वरचे मेण खरवडून घेतात आणि कोश फिकट होतो," असे ते म्हणाले. घोसाच्या कडेला राणीचा मोठा कोशही कुठे नव्हता.

एकच वसाहत फोडून तिचे चार तुकडे केले होते आणि राणी बहुधा विक्रेत्याकडेच राहिली होती. वसाहत विभागून वाढवणे ही मान्य पद्धत आहे, पण ज्या भागात राणी जात नाही, त्यात राणीचा कोश तरी ठेवावा लागतो. अंड्यापासून माशी तयार व्हायला सुमारे दीड महिना लागतो, म्हणून जुन्या घोसातून नव्या माश्या निघत राहतात आणि राणी नसलेली पेटीही महिनाभर नांदती दिसते. हमी नेमकी तीस दिवसांची का होती, ते मला त्या दिवशी उमगले.

विक्रेत्याला फोन केला, तेव्हा "तुमच्याकडे फुलोरा कमी असेल, काका" असे उत्तर मिळाले, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. माझ्या पडवीपासून वीस पावलांवर, गडग्याच्या फटीत, याच माश्यांची वसाहत कित्येक वर्षे सुखाने नांदते आहे, तेव्हा फुलोऱ्याचे कारण मला पटण्याजोगे नव्हते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली, पण माझी बाजू लंगडी आहे. पावती मी मागितली नव्हती. यूपीआयने पैसे भरताना शेऱ्याच्या जागी "मदत" असे लिहा, कर वाचेल, असे त्याने सुचवले होते आणि मी तसे लिहिले. हमीपत्रावर नाव आहे, पत्ता नाही. पेटी घ्यायचीच असेल तर विक्रेत्याच्या जागी जाऊन झाकण आपल्यासमोर उघडायला लावावे, गडद कोश आणि राणी पाहावी, आणि शेऱ्यात "मधमाश्यांची पेटी" असेच लिहून पैसे द्यावेत. उघडून दाखवायला जो नाही म्हणेल, त्याच्याकडून घेऊ नये. माझे स्नेही प्रत्येक गिऱ्हाइकाला पेटी उघडून दाखवतात आणि त्यात त्यांची पाच मिनिटेही जात नाहीत.