रत्नागिरीतला टेनिस क्लास: नव्वद सेकंदांत एक वाक्य

पावसजवळ आमची हापूसची बाग आहे. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊ. दोघंही दोन वर्षांपासून रत्नागिरीत एका सरांकडे टेनिस शिकतायत. शहराबाहेर जांभ्याच्या गडग्याआड दोन हार्ड कोर्ट आहेत, तिथे. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर स्कूटर मारतो, तेव्हा हा क्लास कसा आहे ते मनापासून लिहितोय.

सर याच जिल्ह्यातले. सहा वर्षं फ्यूचर्स स्पर्धा, म्हणजे प्रो टेनिसची सगळ्यात खालची पायरी, खेळले, मग अमेरिकेत एका कॉलेजच्या संघाचे कोच होते. आई-वडील थकले म्हणून परत आले. प्रो खेळलेला माणूस म्हटल्यावर मला वाटलं होतं, मुलांना मोठी स्वप्नं दाखवतील. पहिल्याच महिन्यात मी विचारलं, "मुलगी पुढे प्रोफेशनल होईल का?" त्यांनी माझ्याच डायरीत एका आठवड्याचा हिशेब मांडला. त्यांच्या वेळी दहा हजार डॉलरच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलेल्याला शे-सव्वाशे डॉलर मिळत. जिंकणाऱ्याला तेराशे-चौदाशे. त्यातून विमान, खोली, जेवण, रॅकेटची तार. क्वालिफाइंगला, म्हणजे मुख्य स्पर्धेत शिरण्याआधीच्या पात्रता फेरीला, आदल्या दिवशी स्वतः जाऊन सही करायची आणि नंबर लागतो का बघत बसायचं. खोली तिघांत वाटून घ्यायची. मग म्हणाले, "बारावीपर्यंत सर्व्ह आणि अभ्यास, दोन्ही नीट होऊ दे. कॉलेज टेनिस हाही रस्ता आहे." भारताचा टेनिसपटू सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळून २००७ आणि २००८ मध्ये अमेरिकेचा कॉलेज एकेरी विजेता झाला आणि नंतर टूरवर, म्हणजे प्रो स्पर्धांत, गेला, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. आंब्याच्या धंद्यात असा सरळ हिशेब मला दलालानेसुद्धा कधी दिला नव्हता.

या क्लासची खरी जागा म्हणजे रविवारची मॅच. अमेरिकन कॉलेजची पद्धत त्यांनी इथे आणली आहे. तिथे आधी दुहेरीच्या तीन लढती, त्यातल्या दोन जिंकल्या की संघाला एक गुण. मग एकेरीच्या सहा, प्रत्येकीला एक. सातातले चार मिळवले की सामना जिंकला. ड्यूस, म्हणजे ४०-४० झालं, की पुढच्याच पॉइंटवर गेम संपतो, ॲडव्हांटेज म्हणजे सलग दोन पॉइंटची आघाडी लागत नाही. आमच्याकडे दोनच कोर्ट, त्यामुळे सकाळी साडेसहाला सुरू झालेलं दुपारपर्यंत चालतं. पण आपल्या पोराची लढत संपली तरी कोणी घरी जात नाही, कारण संघाचा चौथा गुण अजून बाकी असतो. एरवी एकेकटी खेळणारी मुलं इथे एकमेकांसाठी ओरडतात.

कॉलेज टेनिसमध्ये कोच कोर्टवर खेळाडूजवळ येऊन बोलू शकतो. सरही बाजू बदलताना बाकावर शेजारी येऊन बसतात. नव्वद सेकंद मिळतात. गेल्या नोव्हेंबरात माझी मुलगी १-४ मागे होती. समोरची मुलगी तिची दुसरी सर्व्ह पुढे येऊन सडकावत होती. मी कुंपणाला धरून उभा, सर आता काय काय सांगतील म्हणून कान देऊन. त्यांनी तिला पाणी पिऊ दिलं, तोंड पुसू दिलं. मिनिटभर काहीच नाही. उठताना म्हणाले, "दुसरी सर्व्ह तिच्या बॅकहँडला, आणि उंच, गो." एवढंच. ती सेट ४-६ हरली, पण पुढचे तीन गेम तिने स्वतः विचार करून घेतले, ते मला दिसलं.

नंतर मी त्यांना विचारलंच, इतकं कमी का बोलता. म्हणाले, "टूरवर आमच्या वेळी बाहेरून कोचने बोलायचं नाही असा नियम होता. बाजू बदलतानाच्या त्या खुर्चीवर मी सहा वर्षं एकटा बसलोय. तेव्हा डोक्यात किती मावतं ते मला ठाऊक आहे." बाहेरून सल्ला द्यायला नियमांत २०२५ पासून मुभा आली आहे. सरांची सवय मात्र जुन्या खुर्चीवरचीच.

धाकट्याला ते पिवळा बॉल देत नाहीत, नारिंगी देतात. तो निम्म्या वेगाचा असतो, कोर्टही छोटं, ७८ ऐवजी ६० फूट लांबीचं. आधी आम्ही दुसरीकडे जात होतो, तिथे सात वर्षांच्या पोरांना मोठ्यांच्या बॉलने रांगेत उभं करायचे. बॉल डोक्यावरून जायचा आणि पोरगा रडत घरी यायचा.

पावसाळ्यात कोर्ट बंद. पण चातुर्मासात लग्नं नसतात, मंगल कार्यालय रिकामं असतं. सर तेच भाड्याने घेतात. तिथे फूटवर्क, व्हॉली (टप्पा पडायच्या आधीच बॉल मारणं), भिंतीवर बॉल. मला वाटतं मुलीचे पाय त्या चार महिन्यांतच सुधारले. उघडीप असली की सगळे मिळून वायपरने कोर्ट कोरडं करतात, सरही. दमट हवेत बॉलची लोकर फुगते, बॉल जड होतो, म्हणून जुने बॉल मॅचला वापरू देत नाहीत. बॉलचा खर्च त्यामुळे वेगळा पडतो, आधीच धरून चला. फी महिना अडीच हजार.

तक्रारी दोन आहेत आणि दोन्ही सरांना तोंडावर सांगितल्यात. मे महिन्यात चाकरमान्यांची मुलं येतात आणि सहाच्या बॅचला दोन कोर्टवर चोवीस जण होतात. वर्षभर येणाऱ्या मुलांना तेव्हा तासात जेमतेम दहा मिनिटं खेळायला मिळतं. हे बरोबर नाही. सुट्टीची बॅच वेगळी हवी. दुसरी जास्त गंभीर आहे: कोर्टजवळ स्वच्छतागृह नाही. मुलींना शेजारच्या घरी जावं लागतं. दिवाळीपर्यंत बांधतो म्हणाले होते, अजून चौथराच झालाय. मुली यायच्या थांबतील त्या याच कारणाने थांबतील, म्हणून इथे लिहितोय.

नाव घालायच्या आधी एकदा रविवारी साडेसहाला, दुहेरी सुरू व्हायच्या आत या. बाकाच्या मागच्या बाजूला उभे राहा, तिथून सरांचं बोलणं ऐकू येतं.