टेस्ट लॅम्प की मल्टीमीटर? जुन्या पिकअपची वायरिंग तपासताना

हेडलाइट मंद झाला की बरेच जण आधी मल्टीमीटर काढतात. पण होल्डर सोडवून मोजलं, तर गंजून एका तारेवर टिकलेली वायरही 12 व्होल्ट दाखवते, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. तिथे बल्बवाला टेस्ट लॅम्पच खरा. तो लोड टाकतो, म्हणजे खरोखर करंट ओढतो. मिणमिणला की वायर गेली समजा. फ्यूजही त्यानेच पटापट बघून होतात.

अर्थिंगला, म्हणजे करंट चेसिसमधून बॅटरीकडे परत जाण्याच्या वाटेला, मात्र मीटरच हवा. लाइट चालू ठेवून एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरा बल्बच्या अर्थवर. 0.2 व्होल्टच्या बराच वर आकडा गेला तर चेसिसवरचा अर्थचा बोल्ट खोलून घासा. जुन्या गाडीत निम्मी दुखणी तिथेच असतात असं माझं मत. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर 13.8 ते 14.4 व्होल्ट देतोय का, हेही लॅम्प सांगत नाही. आणि ईसीएमच्या (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) वायरींना तो लावूच नका, आतल्या सर्किटला तेवढा करंट झेपेलच असं नाही.