हस्तिदंती की मोरपंखी? एकाच खोलीत दोन्ही रंग वापरून सात-आठ महिन्यांनंतर

कामाच्या खोलीच्या तीन भिंती हस्तिदंती आणि खिडकीसमोरची एक गडद मोरपंखी. दोन्ही मॅट, म्हणजे बिनचकाकीचे. गडद रंगाने खोली लहान दिसेल असं बऱ्याच जणांनी बजावलं होतं. तसं अजिबात झालं नाही, ती भिंत उलट मागे सरकल्यासारखी वाटते.

फरक पडला तो उजेडात. रंग किती प्रकाश परत फेकतो ते एलआरव्ही या 0 ते 100 च्या मापात सांगतात. हस्तिदंती छटा सहसा 70 च्या वर असतात, गडद मोरपंखी 10 च्या आसपास. खिडकीतून येणारा बराचसा उजेड समोरच्या भिंतीवर आपटून खोलीभर पसरतो. तीच भिंत गडद असल्यामुळे संध्याकाळी दिवा लवकर लावावा लागतो. उजेड हवा असेल तर गडद रंग बाजूच्या भिंतीला द्या.

आणि दिवा! याबद्दल कुणीच बोलत नाही. दिव्याच्या उजेडाची छटा केल्विनमध्ये सांगतात. 2700 केल्विनच्या पिवळ्या दिव्यात मोरपंखीतला निळा मावळतो, भिंत शेवाळी दिसते आणि हस्तिदंती चक्क पिवळा. 6500 च्या पांढऱ्या दिव्यात मोरपंखी झकास खुलतो, पण हस्तिदंतीची सगळी ऊब जाते. 4000 च्या दिव्यात दोघंही आपापल्या रंगाचे राहिले, आता तोच कायम ठेवलाय. शेड कार्ड दुकानाच्या उजेडात पाहून रंग ठरवू नका. मोठा तुकडा रंगवून घरच्या दिव्याखाली रात्री बघा. कोपऱ्यालगतच्या हस्तिदंतीवर मोरपंखीची किंचित हिरवट झाक पडते, मला ती आवडते.

रंगवताना हस्तिदंती दोन हातांत बसला. मोरपंखीला राखाडी प्रायमर देऊनही तिसरा हात लागला.

हस्तिदंतीवर बोटांचे डाग दिसतात, पण ओल्या फडक्याने निघतात. मोरपंखीवर डाग दिसत नाहीत, मात्र खुर्ची घासली की पांढरट रेघ उठते आणि ती जोरात पुसली की तेवढाच भाग चकाकतो. खुर्चीमागे गडद मॅट नकोच, सॅटिन म्हणजे किंचित चकाकीचा रंग घ्या. हस्तिदंतीवर उरलेल्या रंगाचा ब्रश फिरवला तर ठिगळ कळत नाही. मोरपंखीवर लगेच कळतं, म्हणून तिथे दुरुस्ती करायची तर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंतच रंगवावी लागते.