ईसीजी नॉर्मल, तरी उठलं की घेरी? ऑटोनॉमिक टेस्टचा अनुभव (४ स्टार)

पुण्यातल्या एका सेंटरला बाबांची ऑटोनॉमिक फंक्शन टेस्ट (ठोके, बीपी आपोआप सांभाळणाऱ्या नसांची तपासणी) केली, थोडी तक्रारही आहे म्हणून नाव टाकत नाहीये. बाबांना जुनी शुगर, उठून उभे राहिले की डोळ्यापुढे अंधारी. ईसीजी नॉर्मल, टूडी एको नॉर्मल, होल्टरमध्येही (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) ठोक्यांची गडबड नाही, फक्त पल्स रात्री झोपेतसुद्धा नव्वदच्या खाली फार येत नव्हती. शुगरवाल्या डॉक्टरांनी तेवढंच पकडलं आणि इकडे पाठवलं.

टेस्ट बघून आधी वाटलं हे काय, प्राणायाम करून घेतायत आणि पैसे घेतायत! मिनिटाला ६ श्वास, ५ सेकंद आत ५ सेकंद बाहेर, आणि ईसीजी चालू. पण गंमत त्यातच आहे. श्वास घेताना ठोके वाढतात, सोडताना कमी होतात, हे व्हेगस नर्व्ह करते, आणि शुगरने ती नस खराब झाली की हा फरक जातो. फरक मिनिटाला १५ ठोके किंवा जास्त असेल तर चांगलं, १० च्या आत गेला तर गडबड, बाबांचा आला ६. मग झोपलेलं असताना बीपी, उभं करून बीपी, ३ मिनिटांत वरचं २० ने पडलं तरी ते पडलं म्हणतात, यांचं त्याहून जास्तच पडलं. या सगळ्या टेस्ट एडिनबर्गच्या युइंग डॉक्टरांनी बसवलेल्या, साध्या आहेत पण अजून चालतात.

एक नळी तोंडात धरून फुंकायची टेस्ट असते, ४० च्या प्रेशरला १५ सेकंद. टेक्निशियन ताईंनी त्याआधी विचारलं, काका डोळ्याचा पडदा कधी तपासलाय का? शुगरने पडद्यावर नवीन रक्तवाहिन्या आल्या असतील तर हे फुंकणं करत नाहीत, आत रक्तस्राव होऊ शकतो. रिपोर्ट दाखवला तेव्हाच पुढे गेल्या. या एका प्रश्नासाठी मी पूर्ण मार्क देईन, हे कोणी विचारत नाही हो.

आता तक्रार. बुकिंग करताना फोनवर कोणी सांगितलं नाही की चहा कॉफी घ्यायची नाही, बाबा कटिंग पिऊन आले मग दोन अडीच तास बाकड्यावर बसवलं. बीपीची कुठली गोळी आदल्या दिवशी थांबवायची तेही आपणच आपल्या डॉक्टरांना विचारायचं (स्वतःच्या मनाने बंद करू नका प्लीज). आणि रिपोर्ट म्हणजे नुसते आकडे, खाली एक ओळ, "पॅरासिम्पथेटिक लॉस". म्हणजे त्या व्हेगस नर्व्हचं काम कमी झालंय, पण घरच्यांना ते त्यातून कसं कळणार?

बाकी टेस्ट अजिबात दुखत नाही, तासाभरात होते, आम्हाला एकोपेक्षा स्वस्त पडली. शुगर जुनी असेल तर एकदा डॉक्टरांना विचारा, कारण या नसा गेल्या की हार्ट अटॅकचं दुखणंसुद्धा कळत नाही कधी कधी. जाताना सैल शर्ट घालून जा, आणि सकाळचा पहिला स्लॉट मागा, दुपारी खूप गर्दी असते.