नॉर्मल की सिझर? माझी दोन्ही झालीत

पहिलं बाळंतपण गुहागरला माहेरी, नॉर्मल. दुसरं सिझर. म्हणून सगळ्या मलाच विचारतात, कुठलं बरं गो?

नॉर्मलला वेळ लागतो, पहिलटकरणीला 12-18 तास सहज जातात. आधी पाळीसारखी कंबर भरून येते, मग दर 5 मिनिटांनी कळ आणि ती मिनिटभर टिकायला लागली की निघायचंच, अंगावरून पाणी गेलं तर कळा नसल्या तरी निघायचं, पावसात रस्ता कधी बंद होईल नेम नाही त्यामुळे 108 ला वेळेत फोन. पिशवीचं तोंड 10 सेंटीमीटर उघडेपर्यंत जोर लावू देत नाहीत आणि ते थांबणंच खरं कठीण, मी खाटेचा दांडा असा धरलेला की हाताला गंजाचा वास दोन दिवस. बाळानंतर वार (प्लासेंटा) पडते, साधारण अर्ध्या तासात. संध्याकाळी मी उठून बसून आईच्या हातची पेज खाल्ली.

सिझरला पाठीत इंजेक्शन, दुखत नाही पण ओढाताण कळते, पाऊण-एक तासात आटपतं. खरी मजा नंतर. खोकला आला की पोटाशी उशी धरायची, हसवणाऱ्या नणंदेला बाहेर काढायचं, आणि 6 आठवडे विहिरीवरची कळशी उचलायची नाही म्हणजे नाही.

खर्च? सरकारीत 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात दोन्ही फुकट.

माझं मत नॉर्मलला, पण बाळाचे ठोके कमी व्हायला लागले आणि डॉक्टर सिझर म्हणाले तेव्हा मी एका मिनिटात सही केली.