बँकेने पैसे परत द्यायला नकार दिलाय? लोकपाल, ग्राहक आयोग की मंत्रालय

मावशीच्या डेबिट कार्डावरून एका पहाटे २.११ ते २.१९ या आठ मिनिटांत तीन व्यवहार झाले आणि ८४,००० रुपये गेले. साडेसहाला दूध गॅसवर ठेवताना तिने मेसेज पाहिले. सातच्या आत हेल्पलाइनवरून कार्ड बंद केलं, १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि बँक उघडायच्या वेळेला लेखी अर्ज घेऊन ती दारात उभी होती. चाळीस दिवसांनी बँकेचं दोन ओळींचं पत्र आलं: ‘सदर व्यवहार ओटीपीद्वारे प्रमाणित झाले असल्याने आपला दावा मान्य करता येत नाही.’ त्या रात्री तिच्या फोनवर ओटीपीचा एकही मेसेज आलेला नव्हता.

असं पत्र आलं की बहुतेक लोक गप्प बसतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. कारण त्या पत्रात खऱ्या प्रश्नाचं उत्तरच नसतं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार (सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालं) ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे. बँकेच्या बाजूने चूक असेल तर ग्राहकाला एक रुपयाही सोसावा लागत नाही. चूक दोघांचीही नसेल, मधल्या यंत्रणेत कुठेतरी असेल, तर बँकेचा संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर सर्वसाधारण बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा फटका. पिन किंवा ओटीपी ग्राहकानेच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. ओटीपी वापरला गेला म्हणजे तो ग्राहकाने दिला, असं या परिपत्रकात कुठेही म्हटलेलं नाही.

म्हणून पुढे कुठेही जायचं असलं तरी आधी बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, एक पत्र द्या आणि त्यावर शिक्का मारलेली पोहोच घ्या. पत्रात नेमकं विचारा: ओटीपी कोणत्या नंबरवर किंवा ईमेलवर गेला, किती वाजून किती मिनिटांनी गेला, तो पोहोचल्याची नोंद आहे का, गेल्या काही महिन्यांत खात्यावरचा मोबाइल नंबर बदलला गेला का, पैसे कोणत्या व्यापाऱ्याकडे गेले. बँकेने उत्तर दिलं तर उपयोगच आहे. नाही दिलं तर ते न देणंही तुमच्या फाइलमध्ये जमा होतं.

आता तीन पर्याय.

रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. खर्च शून्य. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर घरबसल्या करता येते, पोस्टानेही चालते. बँकेने नकार दिला असेल, किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नसेल, तर जाता येतं. २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत बँकेचं उत्तर आल्यापासून एक वर्षाची मुदत होती. त्याच योजनेत नुकसानभरपाईची मर्यादा २० लाख आणि मनस्तापासाठी वेगळे एक लाखापर्यंत अशी होती. मुदत आणि मर्यादा बदलू शकतात, तेव्हा अर्ज भरताना पोर्टलवरची चालू योजना वाचून घ्या. तुमच्या वतीने वकील तक्रार करू शकत नाही, आणि मला ते बरंच वाटतं, कारण त्यामुळे सामान्य माणसाच्या साध्या भाषेतल्या अर्जाला किंमत राहते.

पण दोन गोष्टी आधीच समजून घ्या. इथे साक्षी, उलटतपासणी होत नाही. ज्या वादात सविस्तर पुरावा तपासावा लागेल, तो लोकपाल बंद करू शकतात. दुसरं म्हणजे तोच वाद कोर्टात किंवा ग्राहक आयोगात चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. उलट क्रम चालतो: लोकपालांकडे हाती काही लागलं नाही तर आयोगात जाता येतं. त्यामुळे क्रम चुकवू नका.

मावशीसाठी आम्ही हाच मार्ग धरला. अर्जाला तीन मेसेजचे स्क्रीनशॉट, १९३० चा पोचक्रमांक, शाखेतली पोहोच आणि बँकेला विचारलेले प्रश्न जोडले. वर एका पानावर मिनिटामिनिटाचा क्रम लिहिला. लोकपालांनी बँकेकडून ओटीपीची नोंद मागवली, आणि पाचव्या महिन्यात बँकेने तडजोडीत पूर्ण रक्कम जमा केली. व्याज दिलं नाही. मावशी म्हणाली, “मुद्दल आलं ना, मग पुरे.” तिने सही केली. माझं मन मात्र त्या व्याजात अडकून राहिलं.

जिल्हा ग्राहक आयोग. लोकपालांकडून काम झालं नाही, किंवा वाद मुळातच ‘कोण खरं बोलतंय’ इथे अडला असेल, तर हे ठिकाण. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आता तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. बँकेचं मुख्य कार्यालय मुंबईत असलं तरी सोलापूरच्या माणसाला मुंबईला हेलपाटे घालावे लागत नाहीत. मोबदल्याची रक्कम, म्हणजे सेवेसाठी तुम्ही दिलेले पैसे, पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, त्यापुढेही जिल्हा आयोगात ती हजार रुपयांपर्यंतच असते. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार दाखल करता येते, वकील बंधनकारक नाही. मुदत दोन वर्षांची.

इथे व्याज, मनस्ताप आणि खर्च असं सगळं मागता येतं, पुरावाही नीट तपासला जातो. खरी अडचण वेळेची. कायद्यात तीन महिन्यांची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि निकाल तुमच्या बाजूने लागला तरी बँक राज्य आयोगात अपील करू शकते. सत्तरीतल्या, एकट्या राहणाऱ्या माणसाने पन्नास हजारांसाठी थेट इथे जावं असं मी सांगणार नाही.

न्यायनिर्णय अधिकारी. हा पर्याय फार थोड्यांना माहीत असतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली प्रत्येक राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव पाच कोटींपर्यंतच्या दाव्यांचा निवाडा करतात. आपल्याकडे म्हणजे मंत्रालयात. पुण्याच्या पूना ऑटो अ‍ॅन्सिलरीज या कंपनीचे पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाखांवर रुपये गेले होते. २०१३ मध्ये तेव्हाचे सचिव राजेश अग्रवाल यांनी बँकेला ४५ लाख द्यायला लावले. फसव्या ईमेलला उत्तर दिल्यामुळे काही भार कंपनीवरही टाकला. सिमकार्ड परस्पर बदलून पैसे लुटले असतील, तर इथे मोबाइल कंपनीलाही सोबत ओढता येतं. फी मात्र दाव्याच्या रकमेच्या प्रमाणात वाढते आणि अपील दिल्लीच्या टीडीसॅट या न्यायाधिकरणाकडे जातं. रक्कम मोठी असेल, व्यवसायाचं खातं असेल, सोबत जाणकार वकील असेल, तरच हा विचार करा.

लोकपालांनी नाही म्हटलं की सगळं संपलं, असं मात्र समजू नका. फार्मा सर्च आयुर्वेद या कंपनीच्या बँक ऑफ बडोदातल्या खात्यात ओटीपी न येताच नवे लाभार्थी जोडले गेले आणि ७६ लाख ९० हजार रुपये गेले. लोकपालांनी तक्रार फेटाळली होती. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच २०१७ च्या परिपत्रकावर बोट ठेवून बँकेला पूर्ण रक्कम परत करायला सांगितली. आसाममधल्या एका स्टेट बँक ग्राहकाचे ९४,००० रुपये बनावट ग्राहकसेवेच्या नादात गेले होते. त्याचा लढा गुवाहाटी उच्च न्यायालयात यशस्वी झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. माझ्या मते या दोन निकालांचा उल्लेख अर्जात करावाच.

क्रेडिट कार्डवाल्यांना एक वेगळी काळजी असते, बिलाची. फसवणूक म्हणून कळवलेल्या व्यवहारावर वाद मिटेपर्यंत कोणतंही शुल्क लावता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा निर्देश आहे. तेवढी रक्कम वादात असल्याचं लेखी कळवा, बाकीचं बिल वेळेवर भरा. सगळंच बिल थांबवलं तर क्रेडिट स्कोअर पडतो, आणि मग तो वेगळा झगडा होऊन बसतो.

आणि तारखा कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा. लोकपालांची मुदत बँकेच्या नकारापासून मोजली जाते. आयोगाची दोन वर्षं मात्र पैसे गेले त्या दिवसापासूनच धरून चाला, कारण लोकपालांकडे घालवलेले महिने आपोआप वजा होतील या भरवशावर राहता येत नाही.